वसंतातला कॅम्पस फेस्टिव्हल: बाहेरची माणसं येतच नाहीत, काय करावं?

विंगेतला: आमच्या युनिव्हर्सिटीत वसंतात आठवडाभर नाटक, नाच, चित्रप्रदर्शन, ओपन माइक असं सगळं चालतं आणि दरवर्षी प्रेक्षक कोण, तर सादर करणारे आणि त्यांचे रूममेट. यंदा मी कमिटीत आहे, म्हटलं आजूबाजूला राहणारे लोक, लहान पोरं, आजी-आजोबा पण यायला पाहिजेत. गेटबाहेर पोस्टर लावून झालीत, ढिम्म काही फरक नाही. तारीख कुठली धरू (परीक्षा तोंडावर असतात) आणि हॉल बरा की उघड्यावर?

तालीमबाज: तारखेला आयतं निमित्त घे ना. २१ मार्च जागतिक कविता दिन, २७ मार्च जागतिक रंगभूमी दिन, २९ एप्रिल नृत्य दिन, लगेच ३० ला जॅझ दिन. (दक्षिण गोलार्धात असशील तर सोड, तुमचा वसंत सप्टेंबरात.) मी म्हणेन मार्चमधलंच काहीतरी धर, परीक्षा जवळ आल्या की तालमीला माणूस मिळत नाही, सबमिशनच्या नावाखाली सगळे गायब. आणि आठवडाभर कशाला? एक शनिवार दुपार ते संध्याकाळ करा, पण भरगच्च.

फेडरवाला: उघड्यावर करणार असाल तर आधी साउंडचं बघा. हॉलमध्ये भिंती आवाज परत देतात, मैदानात तसं काही नसतं, अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो. मग सगळे काय करतात, स्टेजचे स्पीकर फुल, पुढच्यांच्या कानठळ्या बसतात आणि मागच्यांना तरी शब्द कळत नाहीत. त्यापेक्षा मध्यावर दोन छोटे स्पीकर लावा आणि त्यांना डिले द्या, म्हणजे स्टेजचा आवाज तिथे पोचेपर्यंत त्यांचा आवाज थोडा उशिरा सोडा. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे ते स्टेजपासून ३४ मीटरवर असतील तर १०० मिलिसेकंद. डिले विसरलात तर प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येईल, आणि नाटकात तर पार वाट लागते. माइकला फोम हवाच, वारा सुटला की नुसती घरघर. आणि हो, जलरंगाची ओरिजिनल चित्रं उन्हात टांगू नका, रंग उडतात, बाहेर प्रिंट लावा.

कट्टेकरी: साउंड महत्त्वाचा आहेच, पण शेजारी न येण्याचं कारण ते नाहीये. गेटवर आयडी मागतात का? मागत असतील तर तिथेच विषय संपला, आत आपलं काही काम नाही असंच माणसाला वाटतं. दुसरं म्हणजे सगळा कार्यक्रम 'आम्ही करतो, तुम्ही बघा' असा असतो. बाहेरच्यांना करायला द्या. मधल्या रस्त्यावर खडूने चित्रं काढायला पोरांना मोकळं सोडा, जवळच्या शाळेकडून चित्रं मागवून प्रदर्शनात लावा, एका पोराचं चित्र भिंतीवर लागलं की घरातली चार माणसं ते बघायला येतात, मग नाटकालाही थांबतात. समूहगानात आसपासच्या हौशी लोकांना घ्या, तालमी संध्याकाळी ठेवा म्हणजे कामावरून येणाऱ्यांना जमेल. आणि आजी-आजोबा हवेत ना, मग पाठ टेकायला खुर्च्या, पायऱ्यांऐवजी रॅम्प आणि टॉयलेट कुठे आहे ते सांगणारी मोठी पाटी. गवतावर सतरंज्या टाकून ते येणार नाहीत.

तालीमबाज: हे पटलं. फक्त हौशींच्या नावाखाली कार्यक्रम तीन तास लांबवू नका, लहान पोरं बसत नाहीत.

विंगेतला: आयडी मागतात, हो! हे डोक्यातच आलं नव्हतं, आम्ही आपले पोस्टरचे फॉन्ट बदलत बसलो. उद्या सिक्युरिटीवाल्यांशी बोलतो, एक दिवस तरी मागचं गेट सगळ्यांसाठी उघडं ठेवता येईल का बघतो. प्रदर्शन आणि नाटक हॉलमध्ये, खडू आणि समूहगान बाहेर, २७ ची संध्याकाळ धरतोय. @फेडरवाला, गाणारे तीसेक असतील तर माइक किती लागतील?

फेडरवाला: प्रत्येकाला एक अजिबात नको. अर्धवर्तुळात उभे करा आणि समोर थोडं उंचावर दोन-तीन कंडेन्सर माइक (लांबूनही आवाज नीट पकडणारे). स्पीकर मात्र माइकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवा, नाहीतर त्यांचा आवाज परत माइकमध्ये जाऊन शिट्टी वाजेल.