धातू + अधातू म्हणजे आयनिक? ॲल्युमिनियम क्लोराइड बघा

धातू आणि अधातू एकत्र आले की बंध आयनिकच (म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन-घेऊन झालेला), असा नियम बरेचदा सांगितला जातो. सोडियम क्लोराइडला ते चपखल बसतं, पण ॲल्युमिनियम क्लोराइडला नाही. मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळतं. निर्जल ॲल्युमिनियम क्लोराइड साधारण १८० अंशांलाच वितळण्याआधी थेट वायू होतं, आणि त्या वाफेत Al₂Cl₆ असे जोडरेणू असतात. Al³⁺, म्हणजे ॲल्युमिनियमचा आयन, इतका लहान आणि जास्त प्रभाराचा, की क्लोराइडचा मोठा इलेक्ट्रॉन-मेघ तो आपल्याकडे ओढतो आणि बंध सहसंयुजाकडे, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेण्याकडे, झुकतो. फ्लोराइड आयन लहान, त्याचा मेघ सहजासहजी ओढला जात नाही. म्हणून ॲल्युमिनियम फ्लोराइड मात्र बऱ्यापैकी आयनिक. धातू तोच, हे मुद्दाम लक्षात घ्या.

प्रयोगशाळेत हे फार महत्त्वाचं आहे. निर्जल पावडरची बाटली दमट हवेत उघडली की पांढरा धूर येतो, तो हायड्रोजन क्लोराइडचा. आणि ॲल्युमिनियम क्लोराइडचे पाण्याचे सहा रेणू धरून ठेवणारे स्फटिक तापवून निर्जल क्लोराइड मिळवायला जाऊ नका: पाण्याबरोबर क्लोरीनही हायड्रोजन क्लोराइड होऊन निघून जातो, मागे ॲल्युमिनियम ऑक्साइड उरतं. त्यासाठी तापलेल्या ॲल्युमिनियमवरून कोरडा क्लोरीन सोडतात.