दोन वर्षांच्या नातीला आजीकडे पाठवताना सोबत यादी द्यावी का?

घड्याळवाली
मूल दीड-दोन वर्षांचं, आजीचं घर गिरगावातल्या चाळीत, मुक्काम शनिवार-रविवार. आईबापांनी सोबत लेखी सूचना द्याव्यात की नाही? माझं मत, द्याव्यात. या वयात दुपारच्या झोपेसकट ११ ते १४ तास झोप लागते. साडेबाराला जेवण, एकला झोप हे गणित दोन दिवस मोडलं की सोमवारी रात्री घरात जागरण. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे वर्षाच्या मुलाला स्क्रीन अजिबात नाही, दोन वर्षांच्याला फार तर एक तास. आणि दूध! जेवली नाही की आजी कपभर दूध पुढे करते. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर गेलं की पोट दुधानेच भरतं, वरण-भाजी मागे पडते आणि शरीरात लोह कमी पडायला लागतं.

मऊभात
जिने स्वतःची पोरं वाढवली तिच्या हातात कागद? कमाल आहे. मूल आजीकडे खुलतं ते तिथे कुणी घड्याळ बघत नाही म्हणून. दोन वर्षांच्या मुलीला खेळणी लागतच नाहीत. परातीत दोन वाट्या तांदूळ, एक रिकामी वाटी आणि पळी दिली की वीस मिनिटं आवाज नाही. पोळ्या चालू असताना लिंबाएवढी कणीक द्यायची. तुळशीला पाणी घालायला छोटा तांब्या द्यायचा, पण अर्धाच भरून. काठोकाठ भरला तर पेलत नाही आणि सगळं पाणी फ्रॉकवर. बाजाराची पिशवी तिलाच उपसू द्यावी, कांदे एकीकडे, बटाटे एकीकडे. सालं घरभर होतात, होऊ द्यावीत.

जेवायला वाटीभर तांदळाला चार वाट्या पाणी, कुकरच्या चार शिट्ट्या, गरम असतानाच पळीने घोटलेला भात, वर साधं वरण, तूप, लिंबाचे दोन थेंब. यात सूचना कसली द्यायची?

तिसरा मजला
दोघीही नको तिथे भांडताय. झोप अर्धा-पाऊण तास सरकली तर काही बिघडत नाही. खरी अडचण अशी की आजीच्या घराला लहान मुलाची सवय राहिलेली नसते.

गॅलरी आधी बघा. जुन्या कठड्याच्या सळ्यांत चार इंचांहून जास्त फट असेल तर तिथे जाळी हवी, आणि कबुतरांसाठी लावलेली पातळ जाळी त्यात धरू नका, ती वजन घेत नाही. पण मुलं फटीतून जातात त्यापेक्षा चढून वर जातात. कुंड्या, बाकडं, उलटी घातलेली बादली कठड्यापासून हातभर नाही, चांगली तीन-चार फूट लांब.

मग मोरी. पाणी ठरल्या वेळेलाच येतं, त्यामुळे पिंप आणि बादल्या कायम भरलेल्या. या वयात डोकं अंगाच्या मानाने जड असतं. वाकून आत बघायला गेलं की तोल जातो आणि परत उठता येत नाही. बादलीत चार बोटं पाणीसुद्धा पुरे, आणि आवाज होत नाही. पिंपाला घट्ट झाकण, बादल्या पालथ्या, मोरीच्या दाराला बाहेरून वर कडी.

देवघरातला कापूर कुणाच्याच डोक्यात येत नाही. वडी दिसते खडीसाखरेसारखी आणि प्रसादाच्या शेजारीच असते. थोडा जरी पोटात गेला तरी काही मिनिटांत आकडी येऊ शकते. उलटी काढायचा प्रयत्न न करता सरळ हॉस्पिटल गाठायचं. कपाटातल्या डांबरगोळ्यांचंही तेच. आजीची मधुमेहाची गोळी एकच गिळली तरी लहान मुलाची साखर धोकादायक उतरू शकते, आणि आठवड्याच्या गोळ्यांची ती कप्प्यांची डबी मुलाला सहज उघडते. रिमोट किंवा वजनकाट्यातला बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आत भाजतं. सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल तर चिकटपट्टीचे दोन वेढे मारा.

घड्याळवाली
म्हणजे यादी हवीच की!

तिसरा मजला
नाही. ही आईबापांनी आदल्या दिवशी जाऊन स्वतःच्या हाताने करायची कामं आहेत, अर्धा-पाऊण तास लागतो. गुडघे दुखणाऱ्या बाईला ‘कापूर वरच्या फळीवर ठेवा’ असं लिहून द्यायचं, मग ती स्टुलावर चढणार का? कागद द्यायचाच तर एकच, तापाच्या औषधाचा. मुलीचं वजन आणि डॉक्टरांनी सांगितलेला डोस, मिलीमध्ये. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचंही मिळतं आणि २५० चंही. एका बाटलीचं माप दुसऱ्या बाटलीला लावलं की डोस दुप्पट. म्हणून बाटलीच पिशवीत घालून द्या, मापाच्या टोपणासकट.

मऊभात
कापराचं पटलं. अख्खे शेंगदाणे, फुटाणे नकोत हेही मान्य, श्वासनलिकेत जातात. द्राक्ष उभं चिरून चार फोडी, कच्चं गाजर किसून. सर्दीला नाकात तेल सोडायचं नाही, ते फुप्फुसात उतरतं, हे मात्र आजीला तोंडाने नीट समजावून सांगावं लागतं. तरी बेसनाच्या अर्ध्या लाडवावरून वाद घालणार असाल तर मी आजीच्या बाजूने.

घड्याळवाली
अर्धा लाडू एकदा ठीक. पण ‘रडू नकोस, लाडू देते’ नको. लाडू जेवणानंतर, सगळ्यांबरोबर. दुपारी साडेतीननंतर झोपवायचं नाही, यावर मात्र मी ठाम आहे.

परतीचं तिकीट
प्रवासाचं कुणीच बोललं नाही. रविवारी रुळांच्या कामासाठी लोकलचा ब्लॉक असतो, वेळापत्रक शनिवारीच बघून ठेवा. पाच वर्षांखाली लोकलला तिकीट लागत नाही. अंधेरी पूर्वेकडून यायचं तर ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ थेट गिरगावला थांबते, लोकलच्या चढ-उतारापेक्षा ते सोपं. मुलीला सोडून निघताना आईने गुपचूप सटकू नये. ‘उद्या चहाच्या वेळी येते’ असं सांगून निघावं, दोन मिनिटं रडेल. न सांगता गेलं तर पुढचे तीन तास ती दाराकडे बघत बसते आणि आजीलाही सोडत नाही. परतीला पाचच्या आत निघा; भूक आणि झोप एकत्र आली की प्लॅटफॉर्मवर लोळण.

आणि तो छोटा तांब्या मागितला तरी सोबत देऊ नका. पुढच्या शनिवारी चपला काढायच्या आधी ती तुळशीकडे धावली पाहिजे.