दहावी विज्ञान: इंटरॅक्टिव्ह व्हिडिओ खरंच उपयोगी पडतात का? वर्गात एकच टीव्ही आहे

विज्ञान शिक्षिका, भुदरगड

नमस्कार. गारगोटीपासून आत असलेल्या एका माध्यमिक शाळेत मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. वर्गात भिंतीवर टीव्ही आहे, पेन ड्राइव्ह लावला की व्हिडिओ चालतो. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक ॲपवर मिळणारं साहित्य आणि यूट्यूबवरचे मराठी व्हिडिओ मी नियमित दाखवते. टीव्ही लावला की वर्ग चिडीचूप होतो. मुलं मन लावून बघतात, शंका कुणालाच नसते. दुसऱ्या दिवशी विचारलं की चित्र आठवतं, पण कारण सांगता येत नाही.

परवाचंच सांगते. 'भिंगे व त्यांचे उपयोग' या पाठाचा व्हिडिओ दाखवला. किरणाकृती सुरेख काढलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी विचारलं, बहिर्गोल भिंगाचा वरचा अर्धा भाग काळ्या कागदानं झाकला तर पडद्यावरची प्रतिमा कशी दिसेल? जवळजवळ सगळ्या वर्गाचं एकच उत्तर, "अर्धी दिसेल." ज्या मुली किरणाकृती बिनचूक काढतात त्यांचंही तेच.

मध्यंतरी एका प्रशिक्षणात इंटरॅक्टिव्ह व्हिडिओ दाखवले. व्हिडिओ मध्येच थांबतो, प्रश्न येतो, उत्तर दिल्यावरच पुढे सरकतो. कल्पना मला आवडली. पण आमची मुलं वाड्या-वस्त्यांवरून येतात. घरात मोबाईल एकच, तोही वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री परत येतो. रेंज कुणाच्या अंगणात असते, कुणाला टेकावर जावं लागतं. व्हिडिओ तयार करायला माझ्या संध्याकाळी जाणार, त्याचंही काही नाही, पण मुलांच्या हाती काहीतरी लागलं पाहिजे. नुसतं टिचक्या मारून पुढे जाणार असतील तर मी तो वेळ सराव घेण्यात घालवीन. ज्यांनी हे स्वतः वापरलंय त्यांनी कृपया मोकळेपणानं सांगावं.

---

अभियांत्रिकी प्राध्यापक, कोल्हापूर

मॅडम, तुमची शंका रास्त आहे. यावर झालेल्या संशोधनातलं एक काम तुमच्या प्रश्नाला अगदी लागू पडतं. २०१३ मध्ये हार्वर्डमधल्या श्पुनार, खान आणि शॅक्टर या संशोधकांनी संख्याशास्त्राच्या साधारण २१ मिनिटांच्या व्हिडिओ व्याख्यानाचे चार तुकडे केले. एका गटाला प्रत्येक तुकड्यानंतर छोटी चाचणी दिली. त्या गटाचं लक्ष कमी भरकटलं, त्यांनी टिपणं जास्त घेतली आणि शेवटच्या परीक्षेतही ते सरस ठरले. मला त्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते दुसऱ्या एका गटाबद्दलचं. त्यांना तेच प्रश्न उत्तरांसकट नुसते वाचायला दिले होते. त्यांना हा फायदा मिळाला नाही. म्हणजे प्रश्न समोर येणं पुरेसं नाही, उत्तर स्वतःच्या डोक्यातून काढावं लागतं.

लांबीचंही बघा. २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या चार अभ्यासक्रमांतली व्हिडिओ पाहण्याची ६९ लाख सत्रं तपासली, तेव्हा दिसलं की व्हिडिओ कितीही लांब असला तरी विद्यार्थी साधारण सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाहीत. उत्तर स्वतः काढायला लावण्याचा विचार आयआयटी मुंबईच्या शिक्षक प्रशिक्षणाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतही आहे. तिथल्या व्हिडिओत ठरावीक जागी शिक्षक थांबतो आणि सांगतो, आता व्हिडिओ थांबवा, वहीत उत्तर लिहा, मग पुढे चला. त्या जागेला ते 'रिफ्लेक्शन स्पॉट' म्हणतात.

असे व्हिडिओ तयार करायचं साधन म्हणून एचफाइव्हपी (H5P) बघा, मोफत आहे. इंटरनेट नसेल तर लुमी नावाचं सॉफ्टवेअर संगणकावर घ्या. त्यात तयार केलेला व्हिडिओ एचटीएमएल फाइल म्हणून काढता येतो आणि ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालतो. मात्र व्हिडिओ फाइलमध्येच घाला, यूट्यूबची लिंक दिलीत तर नेट लागेल.

---

शिल्प निदेशक (टर्नर), कोल्हापूर

मॅडम, मी आयटीआयमध्ये टर्नरच्या पोरांना शिकवतो. त्याआधी उद्यमनगरातल्या कारखान्यांत लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कापायच्या यंत्रावर, काम केलंय. प्राध्यापक साहेबांनी अभ्यासाचं सांगितलं, मी वर्कशॉपमधलं सांगतो. माझं म्हणणं एवढंच आहे की या व्हिडिओची सगळी ताकद चुकीच्या पर्यायांत असते. ते पर्याय पोरांच्या खऱ्या चुकांमधून उचललेले असतील तर उपयोग आहे, नाहीतर ती नुसती टिचकी मारायची जागा होते.

मायक्रोमीटरचं, म्हणजे बारीक जाडी मोजायच्या उपकरणाचं, उदाहरण देतो. स्लीव्हवर (स्थिर नळीवर) १२ ची रेघ दिसतेय. तिच्या पुढची अर्ध्या मिलिमीटरची रेघही थिंबलच्या (फिरणाऱ्या नळीच्या) कडेबाहेर उघडी पडलीय. थिंबलवरची २८ वी रेघ मधल्या रेषेला जुळलीय. वाचन १२ अधिक ०.५० अधिक ०.२८, म्हणजे १२.७८ मिलिमीटर. इथं व्हिडिओ थांबतो आणि वाचन विचारतो. आता बाकीचे पर्याय १०.४५, १९.६१ असे काहीही ठेवले तर पोरगं अंदाजानं बरोबर येतं आणि मला त्याच्याबद्दल काहीच कळत नाही. मी ठेवतो १२.२८ आणि १५.३०. ज्यानं १२.२८ निवडलं त्याला अर्धी रेघ दिसलीच नाही. ज्यानं १५.३० निवडलं त्यानं लीस्ट काउंट (थिंबलच्या एका भागाचं माप) ०.०१ ऐवजी ०.१ धरला. दोघं चुकले, पण दोघांचं दुखणं वेगळं, मग औषध एक कसं चालेल?

म्हणून १२.२८ वाल्याला व्हिडिओ एका जवळून घेतलेल्या दृश्यावर नेतो. तिथं थिंबल अगदी सावकाश फिरतंय आणि त्याच्या कडेखालून ती अर्धी रेघ बाहेर येताना दिसते. १५.३० वाल्याला थिंबलचे ५० भाग आणि स्क्रूचा ०.५ मिलिमीटर पिच (एका फेरीत सरकणारं अंतर), असं मांडून दाखवणाऱ्या तुकड्यावर पाठवतो. एचफाइव्हपीमध्ये हे करता येतं, त्यात निवडलेल्या उत्तराप्रमाणे वेगळ्या तुकड्यावर नेणारी क्रॉसरोड्स म्हणून सोय आहे. ही अर्धी रेघ किरकोळ वाटते, पण शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पोरगं कामाला लागलं की हीच त्याला नडते. रेघ चुकली तर माप झालं समजून तो थांबतो आणि जॉब (घडवायचा तुकडा) अर्धा मिलिमीटर जाड राहतो. नसलेली रेघ धरली तर जादा कट जातो आणि जॉब सरळ भंगारात.

दुसरी गोष्ट थांबण्याच्या जागेची. बऱ्याच तयार व्हिडिओंत सगळं समजावून झाल्यावर प्रश्न येतो. आत्ताच ऐकलेलं कुणीही सांगेल. मी डोळ्यांना उत्तर दिसायच्या आधी थांबवतो. लेथ सुरू करण्याच्या व्हिडिओत मी चकमध्ये (जॉब पकडून फिरवणाऱ्या भागात) जॉब आवळतो, टूल लावतो, सेंटर बघतो आणि हात स्विचकडे जातो. थांबा. काय राहिलं? चक की, म्हणजे चक आवळायची चावी, चकमध्येच अडकलेली आहे. मशीन सुरू झालं तर ती गोळीसारखी सुटून तोंडावर येईल. इथं मी पर्याय देतच नाही, लिहायला लावतो. मशीनपुढे उभं राहिल्यावर पर्याय कोण देणार आहे? पहिल्या वर्षाची पोरं टूलचा कोन, जॉबची लांबी असं काय काय लिहितात. चक की मोजक्यांनाच दिसते. त्यानंतर मात्र वर्कशॉपमध्ये एकमेकांच्या चककडे बघायला लागतात.

तिसरं, पोरांनी काय निवडलं ते वर्गात जाण्याआधी बघितलंच पाहिजे. हे होत नसेल तर खटाटोप करू नका असंच मी म्हणेन. सकाळी यादी बघितली आणि बरीच पोरं १२.२८ वर गेली असतील तर पाटीवर शिकवत बसत नाही, मायक्रोमीटर हातात देऊन तेवढी अर्धी रेघ शोधायला लावतो. सगळ्यांचं बरोबर असेल तर थेट मशीनवर. लेथ थोडे आणि पोरं जास्त असतात, त्यामुळे वाचलेला वेळ त्यांना प्रत्यक्ष कट घ्यायला मिळतो.

तुमच्या एका टीव्हीचं म्हणाल तर सॉफ्टवेअर नसलं तरी चालतंय. रिमोटनं थांबवा. पडद्यावर प्रश्न, एक मिनिट पूर्ण शांतता, प्रत्येकानं वहीत उत्तर आणि एका ओळीत कारण लिहायचं. लिहून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, हे कडक पाळा. नाहीतर पहिल्या बाकावरची हुशार मुलगी उत्तर देते आणि बाकीचे माना डोलावतात. मग हात वर करून मोजणी. प्लिकर्स या ॲपची उत्तर दाखवायची कार्डंही छापून घेता येतात. मुलं कार्ड धरतात, तुम्ही आपल्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणाचं काय उत्तर ते नोंदलं जातं. मुलांकडे फोन लागत नाही.

आणि प्रत्येक पाठाचा व्हिडिओ करायच्या मागे लागू नका. दरवर्षी उत्तरपत्रिकेत जी चूक हमखास दिसते, तेवढीच जागा धरा. तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ पुरे.

---

टर्नर, दुसरं वर्ष

शिकणाऱ्याच्या बाजूनं सांगतो. सरांचे असले व्हिडिओ आम्ही बघतो. चुकल्यावर नुसतं लाल फुली आली तर राग येतो आणि पुढचा पर्याय दाबून मोकळं व्हावंसं वाटतं. पण चुकल्यावर नेमकं कुठं चुकलो ते दाखवलं तर परत बघतो. घरी बघण्याचा मला मोठा फायदा झाला. वर्गात परत विचारायला संकोच वाटायचा, व्हिडिओ कितीदाही मागे घेता येतो.

एक विनंती आहे. काही व्हिडिओ पुढे सरकवता येत नाहीत. पहिल्यांदा ठीक आहे. पण परीक्षेआधी एवढी एकच जागा बघायची असते, तेव्हा सगळा व्हिडिओ बसून बघावा लागतो. मग पोरं तो लावून ठेवतात आणि जेवायला जातात. दुसऱ्या वेळेला तरी मोकळा ठेवा.

---

विज्ञान शिक्षिका, भुदरगड

सर्वांचे मनापासून आभार. १२.२८ चं उदाहरण वाचल्यावर मी जुन्या चाचण्यांचे गठ्ठे काढून बसले. भिंगाच्या प्रश्नात "अर्धी प्रतिमा" लिहिणाऱ्यांतही दोन प्रकार दिसतात. काहींना वाटतं वरचा भाग झाकला म्हणून मेणबत्तीची ज्योत गायब होईल. काहींनी प्रतिमा उलटी असते हे लक्षात ठेवलंय, म्हणून ते म्हणतात बुडखा गायब होईल. दोन्ही पर्याय घालते. तिसरा, पूर्ण प्रतिमा पण मंद. चौथा, प्रतिमाच नाही.

पण मग एक प्रश्न मनात येतोय. आमच्या प्रयोगशाळेत भिंग आहे, मेणबत्ती आहे, पांढरा पुठ्ठा आहे. मी हे समोर करून दाखवू शकते. मग व्हिडिओ कशाला?

---

शिल्प निदेशक (टर्नर), कोल्हापूर

समोर करून दाखवता येत असेल तर समोरच दाखवा, मॅडम. हाताला लागलेलं भिंग टीव्हीतल्या भिंगापेक्षा केव्हाही बरं. फक्त थांबण्याची रीत तीच ठेवा. काळा कागद भिंगाजवळ नेऊन थांबा, सगळ्यांना उत्तर लिहायला लावा, मगच झाका.

तरी फोनवर त्याचं चित्रण करून ठेवा. मागच्या बाकावरून पुठ्ठ्यावरची बोटभर प्रतिमा दिसत नाही, टीव्हीवर मोठी दिसते. त्या दिवशी गैरहजर असलेल्यांना आणि पुढच्या तुकडीलाही होईल. पावसाळ्यात आमच्याकडे भुदरगड, राधानगरीकडची पोरं ओढ्याला पाणी आलं की चार-चार दिवस येत नाहीत, ते तुम्हाला सांगायला नको. चित्रण मध्ये न तोडता सलग घ्या, नाहीतर मुलं म्हणतात मध्येच काहीतरी बदललं. जे वर्गात आणताच येत नाही, भट्टीतला वितळलेला धातू किंवा फिरत्या टूलसमोरून सुटणारी चिप (धातूचा कीस), तिथं व्हिडिओला पर्याय नाही.

---

अभियांत्रिकी प्राध्यापक, कोल्हापूर

थोडी भर. प्रयोग झाल्यावर "का?" यासाठी कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट (PhET) या संकेतस्थळावरचं भिंगाचं सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर हलवून बघायचा प्रयोग, टीव्हीवर लावा. वस्तूच्या एकाच बिंदूतून निघालेले किरण भिंगाच्या सगळ्या भागांवर पडतात आणि पलीकडे पुन्हा एका बिंदूत येतात, हे त्यात वस्तू हलवून दाखवता येतं. अर्धं भिंग झाकलं तरी उरलेल्या अर्ध्यातून प्रत्येक बिंदूचे किरण जातातच. म्हणून प्रतिमा पूर्ण, प्रकाश मात्र कमी. तुम्ही म्हणता त्या मुली किरणाकृती बिनचूक काढतात, पण ठरलेले दोन-तीनच किरण काढतात. बाकीचे किरण त्यांच्या लेखी नसतातच. त्यांच्या या चुकीचं मूळ तिथं असावं असं मला वाटतं.

---

विज्ञान शिक्षिका, भुदरगड

हे अगदी पटलं. दोनच किरण काढायला आम्हीच शिकवतो आणि तेवढेच असतात असं त्यांना वाटत राहतं. या शनिवारी प्रयोगशाळेत अंधार करून चित्रण घेते. कागद धरताना काही विशेष काळजी?

---

शिल्प निदेशक (टर्नर), कोल्हापूर

कागद भिंगाला अगदी लागून धरा. मेणबत्तीजवळ नेलात तर मेणबत्तीचाच तेवढा भाग झाकला जाईल, प्रतिमेतला तेवढा भाग खरंच जाईल आणि मुलांचं चुकीचं उत्तर बरोबर ठरेल. पहिलं चित्रण नीट झालं की मुद्दाम हे दुसरंही घ्या, कागद मेणबत्तीला लागून. दोन्ही तुकडे एकापाठोपाठ लावा आणि दुसऱ्याच्या आधीही थांबवून लिहायला लावा. फोन स्टँडवर ठेवा आणि कॅमेऱ्याचा उजेड लॉक करा, नाहीतर प्रतिमा मंद झाल्याबरोबर फोन स्वतःच उजेड वाढवतो आणि फरक दिसत नाही.