अलॉयला रंग आणि पुढच्या ब्रेकचं काम – सोसायटीचा पार्किंग ग्रुप

सी-४०४: नमस्कार मंडळी. गाडी पल्सर १५०, पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएसच्या आधीची. अलॉयचा रंग पोपडे धरून निघतोय. शिवाय पुढचा ब्रेक सोडला तरी चाक जडच फिरतं. चाकं काढायचीच आहेत तर दोन्ही कामं घरीच उरकावीत म्हणतो. सुरुवात कुठून करू? गच्चीवर स्प्रे मारला तर चालेल ना?

सचिव: गच्चीवर चालेल, पार्किंगमध्ये अजिबात नाही. स्प्रेचा धुरळा शेजारच्या गाड्यांच्या काचांवर बसतो आणि मग सगळे माझ्या दारात. सोलरपासून लांब राहा, पाण्याच्या टाक्यांची झाकणं लावलेली आहेत ना ते बघा.

ए-१०१: चाक काढायची घाई करू नकोस. आधी ब्रेक का धरतोय ते शोध, कारण गाडी उघडल्यावर ते कळत नाही. मेन स्टँडवर लाव, पुढचं चाक अधांतरी ठेव. ब्रेक दोन-तीनदा दाबून सोड आणि चाक हाताने फिरव. जड असेल तर कॅलिपरचं (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) ब्लीड निपल, म्हणजे हवा-ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू, थोडंसं सैल कर. ऑइलचा थेंब उडून चाक मोकळं झालं, तर आत प्रेशर अडकलंय. निपल उघडूनही जडच राहिलं, तर पिस्टन किंवा कॅलिपरच्या सरकपिना जाम आहेत.

सी-४०४: आत्ताच करून पाहिलं काका. निपल उघडल्यावरही जड आहे.

ए-१०१: मग कॅलिपर. प्रेशर अडकलं असतं तर निपल बंद करून, पुन्हा ब्रेक दाबून वरचा, लिव्हरजवळच्या मास्टर सिलिंडरकडचा बॅन्जो बोल्ट (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) सैल करून बघायचा होता. तिथे मोकळं झालं तर मास्टरमधलं परतीचं बारीक भोक चोंदलंय. वर मोकळं होत नाही पण खाली होतं, तर होजपाइप आतून फुगलाय. बरेच जण यातलं काही न बघता थेट पॅड बदलतात, आणि नवे जाड पॅड घातले की चाक आधीपेक्षा जास्त धरतं.

सी-२०३: रंगाचं सोपं आहे. बाथरूम साफ करायचं ॲसिड ओता, नाहीतर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवा. रंग आपोआप सुटतो.

बी-६०३: दादा, कृपया नको! कॉस्टिक ॲल्युमिनियमच खातं, वर हायड्रोजन वायू सुटतो. ॲसिडने धातूला खड्डे पडतात, आणि ते बेअरिंगच्या घरात शिरलं की चाकच गेलं. अलॉयसाठी पेंट दुकानात जेलसारखा पेंट रिमूव्हर मिळतो तोच घ्या. ब्रशने जाड थर लावायचा, वर प्लॅस्टिक झाकायचं म्हणजे वाळत नाही, १५-२० मिनिटांनी रंग सुरकुतला की प्लॅस्टिकच्या पट्टीने ओढून काढायचा. जाड रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि हे उघड्यावर करायचं. याचा वास बंद खोलीत धोकादायक असतो.

सी-४०४, सगळा रंग काढायची गरज असतेच असं नाही. जो घट्ट बसलाय तो राहू दे, पोपड्यांच्या कडा उतरत्या घासून घे. कडेची पायरी राहिली तर कितीही थर मारले तरी ती दिसते.

सी-४०४: ताई, अंबडला किंवा सातपूरला एमआयडीसीत पावडर कोटिंग करून घेऊ का? जास्त टिकेल ना?

बी-६०३: टिकतं, पण जॉब देताना तोंड उघडून बोलावं लागतं. पावडर भट्टीत १८० ते २०० अंशाला साधारण १०-१५ मिनिटं भाजते. म्हणजे टायर, व्हॉल्व्ह, बेअरिंग, सील, मागचे रबर डँपर सगळं आधी बाहेर. साधी पुट्टी त्या उष्णतेला टिकत नाही, त्यामुळे खरचटलेलं भरून द्यायचं असेल तर पावडरचा नाद सोड. आणि मागच्या चाकात ड्रमचं लोखंडी कडं बसवलेलं असतं, त्यावर पावडर बसली तर ब्रेक लागणारच नाही. मास्किंग कुठे हवं ते चाकावर मार्करने लिहून दे आणि फोटोही पाठव.

ब्लास्टिंग (कणांचा मारा करून चाक साफ करणं) कशाने करतात तेही विचार. लोखंडी छर्ऱ्याचे कण ॲल्युमिनियमला चिकटून राहतात आणि पुढे कोटिंगखालून गंजाचे ठिपके येतात. ग्लास बीड किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइड हवं. ओतीव चाकाच्या छिद्रांत अडकलेली हवा आणि तेल भट्टीत बाहेर येऊन टाचणीसारखी भोकं पडतात, म्हणून पावडर मारायच्या आधी चाक एकदा नुसतंच तापवून घ्यायला सांग. दोन चाकांसाठी कोणी गन धुऊन रंग बदलत नाही. त्यांचा काळा चालू असेल त्या दिवशी दे, स्वस्तात होईल.

पण तुझ्या चाकांना कडेला ओरखडे आहेत. माझं मत, घरीच स्प्रे कर.

सी-४०४: ठरलं, स्प्रे. काय काय आणू?

बी-६०३: दोन चाकांना: एच प्रायमरचा (etch, ॲल्युमिनियमला धरणारा) ४०० मिलीचा एक डबा, रंगाचे दोन, क्लिअरचे (वरचा पारदर्शक थर) दोन. पॉलिश पेपर १८०, ३२०, ४०० आणि ६०० नंबर. मास्किंग टेप चांगल्या प्रतीचा, स्वस्तातला गोंद सोडतो.

सगळ्यात जास्त वेळ धुण्यात जातो, आणि तोच वाचवायला लोक बघतात. चेनचं वंगण, टायर चमकवायचं सिलिकॉन, ब्रेकचा भुगा हे सगळं चाकावर असतं. आधी रॉकेलने ब्रश, मग भांड्याच्या साबणाचं गरम पाणी, पूर्ण वाळल्यावर थिनरने पुसणं. प्रत्येक पुसण्याला कापडाची नवी घडी. सिलिकॉनचा अंशही राहिला तर रंग माशाच्या डोळ्यासारखा गोल गोल मागे सरतो, आणि मग तो थर वाळवून, घासून परत करण्यापलीकडे इलाज नाही.

घासताना खोल ओरखड्यांना १८०, मग ३२०, पाण्याने ४००. उघड्या धातूवर आधी एच प्रायमरचा पातळ, अर्धपारदर्शक थर. भिंतीसारखा जाड मारू नको. साधा लोखंडाचा प्रायमर ॲल्युमिनियमला धरत नाही, बहुतेक पोपडे त्यामुळेच सुटतात. प्रायमर वाळला की ६०० ने हलकंसं, मग रंग.

डबा २०-२५ सेंमी लांब धरायचा. आधी आऱ्यांच्या मागच्या बाजू आणि कोपरे, शेवटी समोरचा भाग. तीन पातळ थर, मध्ये १०-१५ मिनिटं. डब्यावर परत मारायची वेळ लिहिलेली असते ती पाळ. अनेक रंगांना तासाभरात पुढचा थर चालतो, नाहीतर थेट दोन दिवसांनी. मधल्या वेळेत मारला की खालचा थर सुरकुततो.

सी-२०३: आता जानेवारी आहे, सकाळी नाशिकला कसली थंडी असते. रंग वाळेल का?

बी-६०३: सकाळी नकोच. ११ ते ३ मध्ये करा, चाकही उन्हात ठेवून कोमट झालेलं असू दे. डबा कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवला तर फवारा बारीक येतो. उकळत्या पाण्यात किंवा गॅसजवळ नाही, फुटतो. पावसाळ्यात मात्र हे काम काढूच नका, दमट हवेत क्लिअर पांढुरकं होतं. संध्याकाळी गच्चीवर वारा सुटतो तेव्हाही नको, रंग चाकापेक्षा शेजारच्या वाळवणावर जास्त बसेल.

आणि क्लिअरबद्दल महत्त्वाचं. साध्या एका डब्यातल्या क्लिअरला पेट्रोल किंवा ब्रेक ऑइल लागलं की ते मऊ पडतं. हार्डनर असलेलं टू-के क्लिअर टिकाऊ, पण त्यात आयसोसायनेट असतं, श्वासातून गेलं तर दमा जडू शकतो. त्याला कापडी मास्क पुरत नाही, सेंद्रिय वाफांचा फिल्टर असलेला रेस्पिरेटर लागतो. तो नसेल तर साधंच मारा आणि टायर बसवायला आठवडाभर थांबा.

ए-१०१: ताईंच्या सांगण्यात माझी भर. जिथे धातूला धातू टेकतो तिथे रंग नको. डिस्क बसते ती जागा, बेअरिंगची घरं, स्पेसर टेकतो ते तोंड. रंगाचा थर दाबाखाली चेपतो आणि बोल्ट ढिले पडतात. डिस्कखाली एका बाजूला थर जास्त झाला तर डिस्क डुगते आणि लिव्हर हाताला थरथरते. बहुतेक गाड्यांना डिस्कचा डोल ०.३० मिमीच्या आतच चालतो. टायरची कड बसते तिथेही जाड रंग नको, ट्यूबलेस असेल तर हळूहळू हवा उतरते.

अलॉयला कुठे तडा दिसला तर पुट्टी, वेल्डिंग काही नाही. चाक भंगारात.

सी-४०४: काका, आता कॅलिपर सांगा.

ए-१०१: होजपाइप लगेच सोडू नकोस, सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच. कॅलिपर काढ, पॅड काढ, पाइप जोडलेलाच असताना लिव्हर हळूहळू दाबून पिस्टन जवळजवळ बाहेर येऊ दे. दोन पिस्टन असतील तर जो आधी सुटतो त्याला लाकडाच्या तुकड्याने अडव, म्हणजे दुसराही येतो. मग बॅन्जो बोल्ट सोड. पाइप आधी सोडलास तर कॉम्प्रेसरची हवा लागेल, आणि त्या हवेने पिस्टन गोळीसारखा सुटतो, बोट मध्ये असेल तर गेलं. पक्कडीने पिस्टन बाहेरून धरू नको, क्रोम खरचटतं.

आत दोन रबरं. बाहेरचं धूळ अडवतं, आतलं चौकोनी कापाचं ते खरं सील. ब्रेक सोडल्यावर पिस्टनला केसभर मागे ओढतं ते तेच. त्याच्या खाचेत पांढरी पूड साचते, ॲल्युमिनियमचा गंज. ती सीलला मागून ढकलते आणि पिस्टन आवळला जातो. तुझा ब्रेक धरण्याचं कारण बहुधा तेच असणार. खाच लाकडी काडीने किंवा प्लॅस्टिकच्या टोकाने कोर, स्क्रू ड्रायव्हरने नको. सील लागतं त्या भागात पिस्टनला खड्डे असतील तर नवा घे.

किटमध्ये दोन्ही सील आणि सरकपिनांचे बूट आहेत का बघ. तांब्याचे वॉशर जोडीने नवे, जुने परत दाबले की झिरपतात. धुताना ब्रेक क्लीनर किंवा नवं ब्रेक ऑइलच वापर. पेट्रोल, डिझेल, साधं ग्रीस या रबरांना फुगवतं. सरकपिनांना सिलिकॉन ग्रीस. नव्या सीलला ताजं ब्रेक ऑइल लावून पिस्टन बोटांनी आत गेला पाहिजे. हातोडी लागत असेल तर सील वाकडं बसलंय, काढ आणि परत बसव.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. मापताना साध्या व्हर्नियरचा जबडा काठाच्या न झिजलेल्या कडेवर बसतो आणि डिस्क जाड दाखवतो. मायक्रोमीटरने मध्यावर माप.

बी-१०२: ऑइल कुठलं? घरात डॉट ५ लिहिलेली बाटली पडली आहे, ती चालेल का?

ए-१०१: नाही. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच, इथे डॉट ४. डॉट ५ हे सिलिकॉनचं, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळत नाही. डॉट ५.१ वेगळं, ते ग्लायकॉलचंच. डॉट ४ चा उकळबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश, ३.७ टक्के पाणी शोषल्यावर १५५. वणीचा सप्तशृंगी गडाचा घाट उतरताना ब्रेक धरून राहिलात की जुनं ऑइल उकळतं, वाफ दाबली जाते आणि लिव्हर थेट मुठीला टेकते. दोन वर्षांनी बदला. उघडलेली बाटली पुढच्या वेळेसाठी ठेवू नका.

ऑइल भरताना पेट्रोलची टाकी, मडगार्ड आणि ताज्या चाकावर ओलं फडकं टाक. थेंब पडला तर पुसू नको, भरपूर पाणी ओत.

ब्लीडिंग, म्हणजे पाइपातली हवा काढणं: निपलला पारदर्शक नळी, टोक थोड्या ऑइलमध्ये बुडवलेलं. लिव्हर दाबून धर, निपल पाव फेरी उघड, बंद कर, मगच लिव्हर सोड. ऑइलच्या टाकीतली पातळी खालच्या खुणेच्या खाली गेली की हवा शिरते आणि पहिल्यापासून सगळं. रिकाम्या कॅलिपरला तर सिरिंजने खालूनच ऑइल ढकल, हवेला वर जायचंच असतं. एवढं करूनही लिव्हर स्पंजासारखी लागली तर रात्रभर दाबून बांधून ठेव, सकाळी झाकण उघडून हळू टकटक कर, बारीक बुडबुडे वर येतात.

बी-१०२: एबीएसवाल्या गाडीला हेच का? माझी २०२१ ची.

ए-१०१: एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं, तेव्हा तुमच्यात असणारच. नुसतं ऑइल बदलायला अशीच पद्धत चालते, फक्त टाकी कोरडी पडू देऊ नका. एबीएसच्या मॉड्युलेटरमध्ये (ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा डबा) हवा गेली तर काही गाड्यांना कंपनीचं यंत्र लावूनच निघते. चाक रंगवताना सेन्सरची दातेरी रिंग काढून ठेवा.

सी-४०४: मागच्या ड्रमचं?

ए-१०१: फार नाही. भुगा फुंकू नको, ओल्या फडक्याने पुस, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रमची कमाल मर्यादा आत कोरलेली असते, १३० च्या ड्रमला बहुधा १३१ मिमी. कॅमला ग्रीस अगदी नखभर, जास्त झालं तर वितळून लायनरवर. ब्रेक दाबून धरूनच ॲक्सलचा नट आवळ, म्हणजे लायनर ड्रमच्या मध्यावर बसतात. पॅडलची मोकळी चाल २०-३० मिमी.

बेअरिंग बदलत असशील तर दोन्हींच्या मधला डिस्टन्स पीस विसरू नको. तो नसला की नट आवळताच बेअरिंगच्या आतल्या कड्यांवर आडवा ताण येतो आणि थोड्याच दिवसांत आवाज सुरू. ठोकताना मार बाहेरच्या कड्यावर. डिस्कचे बोल्ट जुन्या लॉकिंग द्रवाने घट्ट असतात, हीट गनने तापवून सोड, बसवताना निळं लॉकटाइट आणि समोरासमोर आवळणं.

बी-६०३: टायर परत चढवताना पंक्चरवाल्याला टायर लिव्हरखाली प्लॅस्टिकची पट्टी घालायला लावा, नाहीतर आठवड्याचा रंग दोन मिनिटांत जाईल. आणि टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण बघा.

ए-१०१: नवे पॅड बसवल्यावर गाडी हलवण्याआधी उभ्यानेच लिव्हर दाबत राहा, कडक होईपर्यंत. पहिल्या दाबाला पॅड डिस्कपर्यंत पोचतच नाहीत. मग मोकळ्या रस्त्यावर ४० च्या वेगाने १५-२० वेळा हळूहळू थांब, चाक लॉक न करता. लगेच कसारा घाटात जाऊ नको.

सचिव: रविवारी ११ ते ३ गच्ची सी-४०४ ला. जुनं ब्रेक ऑइल गटारीत ओतायचं नाही, घंटागाडीतही द्यायचं नाही. बंद बाटलीत भरून गॅरेजवाल्याकडे द्या, ते जळक्या ऑइलबरोबर पाठवतात का आधी विचारून घ्या. रिमूव्हरचा चिखल जिथे पडेल तिथली फरशी खराब होते, खाली पत्रा टाका.

सी-४०४: पत्रा आहे. काका, २५० मिली ऑइल पुरेल का?

ए-१०१: पुढच्या एका ब्रेकला पुरून उरतं. सील बंद बाटली बघून घे.