अँबेसेडरला अल्टरनेटर, पण वायरिंग जुनंच?
भाऊ, डायनामो (जुना वीज बनवणारा) काढून 45 अँपिअरचा अल्टरनेटर (नवा, जास्त वीज देणारा) टाकताय ते बरोबर, पण बॅटरीपर्यंतची चार्जिंगची वायर जुनीच ठेवू नका. ती 22 अँपिअरच्या हिशोबाची. लातूरच्या मे महिन्यात बॉनेटखाली तीच आधी तापेल. बॅटरीपर्यंत 8 चौरस मिलिमीटरची तांब्याची नवी वायर ओढा, बॅटरीजवळ 60 अँपिअरचा फ्यूज. रेग्युलेटर अल्टरनेटरच्या आतच असतो, म्हणून कटआउट (डायनामोचं चार्जिंग सांभाळणारा जुना डबा) बाद. मात्र त्या कटआउटच्या ए आणि ए1 टर्मिनलवरच्या वायरी एकत्र जोडा, नाहीतर लाइट-इग्निशन सगळं बंद. डॅशवरचा 30 अँपिअरचा अँमीटर (करंट दाखवणारा काटा) बायपास करा, व्होल्टमीटर बरा. चार्जिंगचा इशारा देणारा डॅशवरचा बल्ब 2.2 वॅटचाच हवा. हौसेनं एलईडी लावला की फील्डला (अल्टरनेटरच्या आतल्या चुंबकाच्या कॉइलला) सुरुवातीचा करंट पुरत नाही, रेस दिल्याशिवाय चार्जिंग उचलत नाही. आणि हो, गाडी पॉझिटिव्ह अर्थची असेल, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असेल, तर आधी निगेटिव्ह करा, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड पहिल्याच झटक्यात जातात.