पायथनचे ऑब्जेक्ट डिस्कवर जसेच्या तसे कसे टिकवावेत? आणि पायपाय घ्यावं का?

वंशावळवाला :
राम राम मंडळी. घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढतोय, त्यासाठी पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिलाय. प्रत्येक माणूस हा एक ऑब्जेक्ट आणि त्याला आई, वडील, जोडीदार, मुलं हे ऑब्जेक्टच चिकटलेले. दत्तक गेलेल्यांना दोन घरं. आत्तापर्यंत सगळं पिकल करून (ऑब्जेक्ट जसेच्या तसे फाइलीत उतरवायची पायथनची सोय) एका फाइलीत ठेवत होतो. माणसं वाढली आणि आता सेव्ह करताना 'रिकर्शन एरर' येते. शिवाय कोण कुणाचा कोण, अशी सगळ्या जोड्यांची यादी काढायला रात्र जाते. डेटाबेसची टेबलं करायची नाहीत. पायथनचंच शेल्व्ह (किल्ली देऊन ऑब्जेक्ट ठेवायची सोय) चालेल का? पायपायने, म्हणजे पायथन चालवणाऱ्या दुसऱ्या, वेगवान इंजिनाने, वेग वाढेल का?

जुना कोडकर :
पिकल एका माणसावरून बापाकडे, बापावरून चुलत्याकडे असा आत आत शिरत जातो आणि पायथनची रिकर्शनची, म्हणजे असं आत शिरण्याची, मर्यादा मुळात 1000 पायऱ्यांची आहे. ती वाढवता येते, पण ते दुखणं पुढे ढकलणं झालं. शेल्व्ह तर नकोच. त्यात प्रत्येक किल्लीखाली वेगळा पिकल असतो, म्हणजे दोन नातवंडं वाचलीत की त्यांचे आजोबाही दोन होतात!

तुम्हाला हवं ते झेडओडीबीत, म्हणजे पायथनचे ऑब्जेक्ट थेट साठवणाऱ्या डेटाबेसात, आहे. वेबसाइट सांभाळणारं प्लोन वर्षानुवर्षं त्यावरच चालतंय. 'पर्सिस्टंट' या क्लासपासून आपला क्लास काढायचा. मग प्रत्येक माणसाची नोंद स्वतंत्र पडते, दुसऱ्याचा फक्त आयडी साठवला जातो आणि हात लावाल तेव्हाच तो ऑब्जेक्ट मेमरीत येतो. सगळी माणसं एका बीट्रीत (मोठ्या संग्रहासाठीची झाडासारखी रचना) ठेवा.

मेख एकच. मुलांची यादी साधी लिस्ट असेल आणि तिच्यात अपेंड केलंत, तर झेडओडीबीला पत्ताच लागत नाही. कमिट (बदल पक्के करणं) बिनबोभाट होतं आणि पुढच्या वेळी उघडलं की मूल गायब. म्हणून पर्सिस्टंट लिस्टच वापरा. फाइल फुगत जाते, अधूनमधून पॅक करा, म्हणजे जुन्या नोंदी निघून जातात.

सरळमार्गी :
एवढा खटाटोप कशाला? एसक्यूलाइटला (एका फाइलीत मावणारा टेबलांचा डेटाबेस) 2014 पासून रिकर्सिव्ह क्वेरी, म्हणजे पिढीमागून पिढी शोधत जाणारा प्रश्न, येते. दोन टेबलांत काम होईल, आणि उद्या पुतण्याला फाइल दिलीत तर त्याला तुमचा प्रोग्रॅम लागणार नाही.

जुना कोडकर :
पुतण्याचा मुद्दा बिनतोड आहे. पण धागाकर्ते टेबलं नको म्हणतायत ना!

रात्रपाळी :
पायपायबद्दल. तुमचं काम शुद्ध पायथनच्या लूपांचं, म्हणजे त्याच्या जिटला (चालता चालता कोड मशीनच्या भाषेत आणणारा भाग) आयतं खाद्य. फरक पडेलच. पण झेडओडीबी पायपायवर चालत असला तरी तिथे झेडओडीबीचे सी भाषेतले वेगवान भाग वापरात नसतात, शुद्ध पायथनचे चालतात. त्यामुळे आधी नुसते आयडी आणि आईवडील साध्या डिक्शनरीत उतरवून घ्या आणि मोजणी त्यावर करा. त्याहीआधी प्रत्येकाच्या पूर्वजांचा संच एकदाच काढून ठेवा. दर जोडीला मूळ पुरुषापर्यंत चढत असाल तर रनटाइम (प्रोग्रॅम चालवणारं इंजिन) बदलून काय होणार? आणि स्टोरेज आणि रनटाइम एकाच आठवड्यात बदलू नका, बिघडलं तर कुठे ते कळणार नाही.

(रुबी या दुसऱ्या भाषेवाल्यांकडे स्टोरेज आणि रनटाइम दोन्ही एकत्र देणारा मॅगलेव्ह होता, जेमस्टोन या ऑब्जेक्ट डेटाबेसच्या स्मॉलटॉक भाषेच्या मशीनवरचा. 2008 मध्ये रेल्सकॉन्फ या रुबीवाल्यांच्या परिषदेत दाखवला तेव्हा लोक हरखले होते. पुढे रुबीच्या नव्या आवृत्त्या गाठणं जमलं नाही.)

वंशावळवाला :
झेडओडीबी लावून बघतो, पायपाय नंतर. एक शंका : 'व्यक्ती' हा क्लास उद्या दुसऱ्या फाइलीत हलवला तर?

जुना कोडकर :
नोंदीत मॉड्यूलचं आणि क्लासचं नाव असतं, त्यामुळे जुना डेटा उघडणार नाही. जुन्या फाइलीत नव्या जागेवरून 'व्यक्ती' इम्पोर्ट करणारी एक ओळ राहू द्या.