मदत हवी आहे: वेचणीत बंद पडलेला माता-गट पुन्हा कसा सुरू करू?

नमस्कार मंडळी. अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. शिक्षिका नाही, घरची शेती आणि थोडं शिवणकाम. 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारीच्या उपक्रमात पहिलीत जाणाऱ्या पोरांच्या आयांचे गट केले, त्यात आमच्या गल्लीची लीडर माता, म्हणजे गट चालवणारी, मी. उन्हाळ्यात दुपारी नऊजणी यायच्या. आयडिया कार्ड (पोरांकडून घरी काय करून घ्यायचं ते सांगणारं कार्ड) बघून मुगाच्या डाळीने अक्षरं काढ, भांडी लहान-मोठी लाव, असं चालायचं. दसऱ्यानंतर कापूस वेचणी लागली आणि गट बसला. बाया सकाळी जातात त्या दिवे लागायला येतात, मग चूल. त्यांना काय बोलणार?

दुसरी अडचण जास्त टोचते. एक वहिनी म्हणाल्या, "माले वाचता येस नही, मी काय करू?" आणि यायच्याच बंद झाल्या. त्यात भाषेचं त्रांगडं. पावसाचं चित्र दाखवलं तर जाऊबाईंचा पोऱ्या लगेच ओरडला, "पानी उना!" मोठ्या बहिणीने टपली मारली, "पाऊस आला, म्हण." त्या दिवशी तो पुन्हा तोंड उघडेल तर शप्पथ. घरी अहिराणीच, आमची खानदेशी बोली, बोलतात, ती बंद करायची का? शाळेत विचारलं तर म्हणाले, घरी शुद्ध बोला. मला पटलं नाही. कुणी असा गट चालवलाय का?

तापीकाठ: ताई, अहिराणी अजिबात बंद करू नका. 2020च्या शैक्षणिक धोरणातच आहे की शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं. गोष्ट कळली, तिच्यावर बोलता आलं, की अक्षरं शिकणंही सोपं जातं. त्या वहिनींना वाचायला सांगूच नका. चित्र दाखवून "हाई काय शे?" एवढंच विचारू दे, आणि पोरगं बोलेल ते ऐकू दे.

भरीतपुरी: प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी चित्रपुस्तकं फुकट आहेत, छापूनही घेता येतात. पातळी एकची घ्या, पानावर एखाद-दुसरी सोपी ओळ असते. दुसरं म्हणजे आजीला गोष्ट सांगायला लावा, जशी बोलेल तशी लिहून घ्या. देवनागरीत अहिराणी छान लिहिता येते. आणि वेळ बदला हो, दुपारी कोण येणार!

धागाकर्ती: दोघांचे आभार. काल जेवणं झाल्यावर ओट्यावर बसलो, चौघीच होतो. सासूबाईंनी पुराची गोष्ट सांगितली, मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर स्केचपेनने मोठ्या अक्षरांत पाच ओळी लिहिल्या. 'पानी' तीनदा आलं होतं. पोऱ्याने तिन्ही ठिकाणी बोट ठेवलं, आणि बहिणीला म्हणाला, "देख, पानीच लिखेल शे." त्या वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या, आत नाही आल्या. आता रविवारी परत बसायचंय. पाचवी-सहावीतल्या मोठ्या पोरींना सोबत घेतलं तर चालेल, की त्या पुन्हा टपल्या मारतील?